तांबडीच्या लेकी

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या शेवटी, ओढ्याच्या अलीकडे, दौलता नावाच्या शेतकऱ्याचा मळा होता. मळ्यात भुईमूग, बांधाला तूर, विहिरीजवळ थोडी केळी. जमीन चांगली होती, पण डोंगर जवळ असल्यामुळे रानडुकरांचा फार त्रास. कळप एकदा वावरात शिरला की सकाळी पीक कुठलं आणि ढेकळं कुठली, हे कळत नसे. शेजारचे शेतकरी कपाळाला हात लावून बसत. दौलताच्या मळ्यात मात्र डुक्कर पाय ठेवत नसे, कारण तिथे तांबडी होती.

तांबडी ही त्याची कुत्री. अंगाने काटक, रंगाने विटेसारखी, एक कान अर्धा तुटलेला. तो कान कसा तुटला हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत असे. एका हिवाळ्यात तरस गोठ्याशी आलं आणि वासराला ओढू लागलं. तांबडी सरळ त्याच्या अंगावर गेली. दौलता काठी घेऊन धावत येईपर्यंत तिने त्याला दारातच अडवून धरलं होतं. वासरू वाचलं, कान गेला. तेव्हापासून दौलता पारावर बसला की तिचंच कौतुक सांगे. घराला दार नसलं तरी चालेल, पण दारात तांबडी पाहिजे, असं तो म्हणायचा. लोकही माना डोलवायचे.

त्या वर्षी श्रावणात तांबडी व्याली. गोठ्यात गव्हाणीमागे, गवताच्या गंजीला टेकून तिने जागा धरली होती. दौलताची बायको हौसा सकाळी दूध काढायला गेली, तर गवतात सात पिल्लं वळवळत होती. कुणी आईसारखं विटकरी, कुणी काळं, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. हौसाने जुनं गोणपाट अंथरलं. तांबडीला बाजरीच्या पिठाची गूळ घालून पातळ पेज करून घातली. बाळंतिणीला घालावी तशीच. पाऊस तिरपा लागला की ती गोठ्याच्या झडपेला पोतं बांधायची. पिल्लांचे डोळे उघडले, मग ती धडपडत चालू लागली, मग एकमेकांच्या शेपट्या चावू लागली. हौसाच्या पायाचा आवाज आला की सातही जणं तिच्या पायात येऊन पडायची. दौलताही संध्याकाळी गोठ्यात डोकावून हसायचा. त्याला वाईट माणूस म्हणावं असं तोवर काही घडलं नव्हतं.

तांबडीला पिल्लं झाल्याची बातमी गावभर गेली आणि मागणारे येऊ लागले. पाटील आले, तेली आला, डोंगरावरचा मेंढपाळ आला. तांबडीचं पिल्लू म्हणजे सोनं, असं जो तो म्हणत होता. आणि जो तो एकच गोष्ट करत होता. पिल्लू उचलायचं, उलटं करायचं, पोटाखाली बघायचं. नर असला तर काखेत मारायचं. मादी असली तर खाली ठेवायचं, तेही हळू नाही, नको असलेली वस्तू ठेवावी तसं. पाटलांनी कपाळावर ठिपका असलेलं पिल्लू आधी आवडीने उचललं होतं. उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अरेरे, हिचा काय उपयोग?"

तांबडी बाजूला बसून हे सगळं पाहत होती. ती कुणावर गुरगुरली नाही. घरच्या धन्याने बोलावलेली माणसं होती ती.

तीन नर होते, ते तीन घरी गेले. चार माद्या राहिल्या.

दौलता त्या दिवशी पारावर गेला तेव्हा पिल्लं मिळालेले लोक त्याला मान देऊन बोलले. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, उरलेल्या चौघींचं काय करणार? दौलता म्हणाला, बघू. त्यावर तेली म्हणाला की बघायचं काय, आता दौलताने माद्यांचाच मळा करावा, वर्षाकाठी गावभरचे कुत्रे जावई म्हणून दारात. सगळा पार हसला. पाटील हसले, मेंढपाळ हसला. दौलताही हसला, पण त्याचे कान तापले होते. माणसाला तरसापुढे उभं राहणं एक वेळ जमतं, चारचौघांच्या हसण्यापुढे उभं राहणं जमत नाही.

घरी येऊन तो हौसाला म्हणाला की या चार माद्या ठेवता येणार नाहीत. उद्या त्या मोठ्या होतील, प्रत्येकीला पिल्लं होतील, खायला कोण घालणार? हौसाला हे पटत नव्हतं असं नाही. तिने सांगितलं की एक आपण ठेवू, तांबडीचं वय झालं की तीच मळा राखेल. बाकीच्या तिघींसाठी ती आसपासच्या वाड्यावस्त्यांवर विचारून येईल. बायका घेतील, त्यांना घर राखणारं जनावर हवंच असतं. थोडे दिवस द्या, एवढंच तिचं मागणं होतं. दौलता "बरं" म्हणाला. पण ते "बरं" ओठांवरचं होतं.

दोन दिवसांनी हौसा तिच्या बहिणीच्या घरी बारशाला गेली. सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असं ठरलं होतं. ती बांधाआड दिसेनाशी झाली तसं दौलताने तांबडीला साखळीने खांबाला बांधलं. मळ्यावर आल्यापासून तिच्या गळ्यात कधी साखळी पडली नव्हती. ती नवलाने त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने चारही पिल्लं पाटीत घातली, वर फडकं टाकलं, आणि ओढा ओलांडून पलीकडच्या घाणेरीच्या झुडपांत नेऊन सोडली. मारली नाहीत, सोडली. तो स्वतःला हेच सांगत परत आला. सोडणं आणि मारणं यात किती अंतर आहे, हे त्याला त्या पिल्लांनी सांगितलं असतं, पण त्यांना नुसतं कुईकुई करता येत होतं.

हौसा परतली तेव्हा ऊन कलत होतं. मळ्याच्या वाटेला लागताच तिला तांबडीचा आवाज आला. ते भुंकणं नव्हतं, रडणं होतं. साखळीला ओढून ओढून तिच्या गळ्याची कातडी सोलली होती आणि खांबाभोवतीची माती नखांनी उकरली गेली होती. गव्हाणीमागचं गोणपाट रिकामं होतं.

दौलता ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. हौसाने विचारलं, पिल्लं कुठं आहेत? तो म्हणाला, गेली. कुठं गेली? ओढ्यापलीकडे. कुणी नेली? त्याने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाला की गावात तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती, जो तो हसत होता, आणि एवढं काय त्यात, कुत्रीची पिल्लं ती, तांबडी चार दिवसांत विसरेल.

हौसा ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली गेला होता की दौलताला अडकित्ता थांबवावा लागला.

"माझं माहेरचं नाव ठाऊक आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "नकुसा. माझ्याआधी तीन बहिणी होत्या. चौथी मी झाले, तेव्हा बापाने माझं तोंडही न बघता नाव ठेवलं नकुसा. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. सगळं गाव मला त्याच नावाने हाक मारायचं, आणि मी ओ द्यायचे. तुमच्या आईने मला या घरात आणलं आणि उंबरठ्यावरच सांगितलं, आमच्या घरात नको असलेलं कुणी येत नाही, आजपासून तू हौसा. मला वाटलं होतं, हे घर तिचं आहे."

दौलता म्हणाला की माणसाचं वेगळं आणि जनावराचं वेगळं.

"मादी आहे म्हणूनच टाकलीत ना? मग वेगळं काय?"

ती गोठ्याकडे वळली. दौलताने तिला बजावलं की साखळीला हात लावायचा नाही, मी घरचा धनी आहे. हौसाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने साखळी सोडली आणि नुसती सोडून ठेवली नाही, तर उचलून विहिरीत फेकून दिली. तांबडी बाणासारखी ओढ्याकडे सुटली. हौसा पदर खोचून तिच्यामागे धावली.

भाद्रपद महिना होता, ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. पलीकडे घाणेरीत तांबडी नाक खाली घालून इकडून तिकडे पळत होती. एक काळं पिल्लू झुडपात अडकून बसलं होतं, त्याच्या अंगावर मुंग्या चढल्या होत्या. दोन पिल्लं एका दगडाच्या कपारीत एकमेकांना चिकटून थरथरत होती. चौथी सापडेना. ती शेवटी ओढ्याच्या काठाशी सापडली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तहान लागून पाण्याशी गेली असावी, नाहीतर पलीकडे आई आहे हे तिला समजलं असावं. ती अर्धी पाण्यात होती आणि गार झाली होती. तांबडीने तिला मानेला धरून वर ओढलं, कोरड्या वाळूवर ठेवलं आणि चाटायला लागली. ती बराच वेळ चाटत राहिली. हौसा शेजारी बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. राग इतका होता की पाण्याला वाट मिळत नव्हती.

तिने हाताने वाळू आणि माती उकरून पिल्लाला पुरलं, वर दगड रचले. उरलेल्या तिघी पदरात घेतल्या आणि ती ओढा ओलांडायला निघाली. पण तांबडी पाण्यापाशी येऊन थांबली. समोर मळा होता, गोठा होता, तिचं आयुष्य तिथं गेलं होतं. हौसाने दोनदा हाक मारली. तांबडीने मळ्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि काठाकाठाने उलट्या दिशेला चालू लागली. हौसा क्षणभर उभी राहिली. मग तीही तिच्यामागे गेली.

ओढ्याच्या त्या बाजूला, कुंभारवाड्यात, कोंडाबाई कुंभारणीचं घर होतं. नवरा वारल्यावर ती एकटीच चाक फिरवत होती. नवरात्राच्या घटांसाठी तिने नुकतीच भट्टी लावली होती आणि भट्टीच्या आडोशाची राख अजून ऊबदार होती. तांबडी तिथं जाऊन बसली. हौसाने पिल्लं तिच्या पोटाशी ठेवली. कोंडाबाईने काय झालं ते ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "राहू देत पोरी इथंच. माझ्या दारात कुणी उलटं करून बघणार नाही त्यांना."

दौलताला वाटलं, भूक लागली की येईल. तांबडी आली नाही. तिसऱ्या दिवशी तो दुधात भाकरी कुस्करून घेऊन कुंभारवाड्यात गेला. त्याने लाडाने हाक मारली. तांबडी उठली, पिल्लांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि तिने दात दाखवले. ज्या दातांनी तरसाला अडवलं होतं, तेच दात. दौलताचा हात मागे आला. मग त्याला संताप आला. त्याने दोरी आणली, तिच्या गळ्यात अडकवली आणि ओढत मळ्यात नेली. दुसऱ्या दिवशी खांबाला दोरीचं चावलेलं टोक तेवढं होतं.

आणि मळ्याला राखण नाही, हे डुकरांना कळायला वेळ लागला नाही. भुईमुगाच्या शेंगा नुकत्या भरत आल्या होत्या. एका सकाळी दौलता उठून पाहतो तर ओढ्याकडचं अर्धं वावर उलथंपालथं झालेलं. वेल उपटून पडलेले, शेंगा चावून थुंकलेल्या. त्याने पाटलांकडे जाऊन पिल्लू परत मागितलं, तर ते एवढंसं पिल्लू अंगणातल्या कोंबड्याला भिऊन दाराआड बसलं होतं. आईजवळ राहून राखण शिकायच्या आधीच ते नेलं होतं. नर होता, एवढाच त्याचा गुण.

हौसा घरातली सगळी कामं करत होती. दूध काढत होती, भाकरी थापत होती, ताट वाढत होती. पण दौलताशी ती एक शब्द बोलत नव्हती. रोज सकाळी लोटाभर दूध घेऊन ती ओढ्यापलीकडे जाई. दौलताने एकदा म्हटलं की घरचं दूध बाहेर जाता कामा नये. हौसाने लोटा त्याच्यासमोर ठेवला आणि गोठ्यातल्या गाईकडे बोट दाखवलं. हीच ती गाय, जी वासरू असताना तांबडीने तिला तरसापासून वाचवलं होतं. दौलताने मान खाली घातली आणि हौसा लोटा उचलून निघून गेली.

घरात तोंड उघडता येईना, म्हणून दौलताने ते पारावर उघडलं. पीक गेल्याचं दुःख होतंच, पण दोष कुणाला तरी द्यायला हवा होता. तो म्हणाला की इतकी वर्षं पोसली, पण शेवटी कुत्री ती कुत्रीच, खाल्ल्या मिठाला जागली नाही. लोकांनी माना डोलवल्या. या माना कशावरही डोलत असत.

हौसा तेव्हा कुंभारवाड्यातून गावात वाण्याकडे जाऊन परत येत होती. तिने ते ऐकलं. त्या गावात बाई पारासमोरून जाताना पदर ओढून खाली बघून जात असे. हौसा थांबली. ती पाराच्या अगदी पुढ्यात आली.

"मीठ तिने आपलं खाल्लं की आपण तिचं?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे पिल्लं न्यायला आलात. तांबडीसारखं पिल्लू द्या म्हणालात. तांबडीसारखं म्हणजे कसं? तांबडी मादी आहे. तरस आलं तेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, मादी आहे, हिचा काय उपयोग. डुकरं पळवली तेव्हा कुणी म्हणालं नाही. आणि तिच्याच लेकी हातात आल्या तर उलट्या करून खाली टाकल्यात. इथं बसून हसलात. त्या हसण्यापायी यांनी त्यांना पाटीत घालून टाकून दिलं. एक मेली. तिला मी माझ्या हाताने पुरलं. आता सांगा, हसतंय कोण?"

कुणी हसलं नाही. पाटील काहीतरी बोलायला गेले, पण हौसाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पागोटं सारखं करण्याचं निमित्त केलं. तेली जमिनीकडे बघत राहिला. हौसा वळली आणि डोक्यावरून ढळलेला पदर तसाच ठेवून घरी गेली.

पुढे थंडी पडली, थंडी सरली. तिन्ही पिल्लं कोंडाबाईच्या अंगणात मोठी झाली. तांबडी त्यांना ओढ्याकाठी घेऊन जायची, वास घ्यायला शिकवायची, कुठं भुंकायचं आणि कुठं दबा धरायचा हे दाखवायची. डोंगरावरच्या मेंढपाळाची बायको एक दिवस स्वतःच आली. नवऱ्याने नेलेलं पिल्लू नुसतं चुलीपाशी लोळतं, मला या तिघींतली एक दे, असं ती कोंडाबाईला म्हणाली. तिने पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि घेऊन गेली. दुसरी वाडीवरच्या एका म्हातारीकडे गेली. तिसरी कोंडाबाईपाशी राहिली. तांबडीही तिथंच राहिली. कुंभारवाड्याच्या बाजूची वावरं त्या वर्षी डुकरांनी नासवली नाहीत.

दौलता आता स्वतःच मळा राखत होता. त्याने वावरात उंच मचाणाचा माळा बांधला होता आणि पत्र्याचा डबा बडवत तो तिथं बसायचा. डुकरं पहिल्यांदा डब्याला भ्यायची, मग डब्याची सवय झाली. ओढ्यापलीकडून तांबडीचं भुंकणं ऐकू यायचं. ती दुसऱ्यांचं रान राखत होती.

एका संध्याकाळी हौसा माळ्याशी भाकरी घेऊन आली. दौलता खाली उतरला. त्याने भाकरी हातात घेतली, पण तोडली नाही. बऱ्याच महिन्यांनी तो तिच्याकडे सरळ बघून बोलला.

"माझं चुकलं, हौसा."

हौसाने भाकरीचं फडकं झटकलं. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? जिचं गेलं तिला सांगा."

"तिला माझे शब्द काय कळणार?"

"शब्द नाही कळत," हौसा म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते कळतं."

एवढं बोलून ती घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दौलता सकाळीच ओढा ओलांडून गेला. हाक मारली नाही, दोरी नेली नाही. दुधाचं वाडगं भट्टीपाशी ठेवलं आणि लांब जाऊन उभा राहिला. तांबडी जागची हलली नाही. तो परत निघाला, वळणाआड गेला, तेव्हा कुठं तिने वाडग्याला तोंड लावलं. हे त्याने रोज केलं. पावसात केलं, उन्हात केलं. तांबडीने दात दाखवायचं सोडलं, पण तो समोर असेतोवर तिने त्याच्या हातचं दूध कधी चाखलं नाही. मळ्यातही ती परत आली नाही. म्हातारी होऊन ती कोंडाबाईच्या अंगणातच गेली, आणि डोळे मिटताना तिची लेक तिच्या शेजारी होती.

या गोष्टीचं तात्पर्य ज्याने त्याने आपल्या उंबरठ्यावर उभं राहून वाचावं: जिच्या जिवावर घर सुखाने झोपतं, तिच्याच लेकी ज्या घराला नकोशा होतात, त्या घराला राखण उरत नाही. आणि चूक कबूल केली म्हणून गमावलेला विश्वास परत मिळतोच असं नाही.